खुनाचा तपास आणि शेजारधर्म

नागपूर हे जुन्या मध्यप्रदेशाच्या राजधानीचे शहर होते त्या काळी येथील अबकारी आयुक्त हनुमंत गोविंद नरगुंदकर यांच्यावर, सिवनीच्या मद्यार्क-भट्टीच्या ठेक्यासंबंधी बनावट कागद तयार केल्याचा आरोप ठेवण्यात आला होता. खालच्या न्यायालयांनी त्यांना दोषी धरले; परंतु सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९५२ मध्ये त्यांना निर्दोष मुक्त केले आणि ते करताना परिस्थितिजन्य पुराव्याविषयी जो दंडक घालून दिला, तो आज सत्तर वर्षांनंतरही देशातील प्रत्येक सत्र न्यायालयात उद्धृत होत असतो. ज्या परिस्थितीवरून गुन्ह्याचे अनुमान काढावयाचे ती परिस्थिती प्रथम स्वतंत्रपणे व पूर्णत्वाने सिद्ध झाली पाहिजे, ती केवळ आरोपीच्या अपराधाशीच सुसंगत असली पाहिजे, आणि त्याच्या निरपराधित्वाला वाव देणारा कोणताही वाजवी तर्क शिल्लक राहता कामा नये, असा तो दंडक आहे. पुढे १९८४ साली पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात याच तत्त्वांची पाच सूत्रांत मांडणी झाली व वकीलवर्गात ती ‘पंचशील’ या नावाने रूढ झाली. नरगुंदकरांचा खटला खुनाचा नव्हता, कागदपत्रांचा होता. तरीही त्यातून निघालेला नियम सर्वांत अधिक राबतो तो खुनाच्या खटल्यांत, कारण खून हा बहुधा साक्षीदारावाचून होणारा गुन्हा आहे.

हा इतिहास आरंभीच सांगण्याचे कारण असे की, नागपुरात खुनाच्या तपासात ज्याची हयात गेली अशा अंमलदाराचा दिवस कसा जातो हे समजून घ्यावयाचे तर त्याच्या डोक्यावर सदैव टांगलेली ही कसोटी प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. गुन्हेगार कोण, हे त्याला पुष्कळदा पहिल्या दोन दिवसांतच कळलेले असते. त्याचे खरे श्रम त्यानंतर सुरू होतात, आणि त्या श्रमांना लागणारी बहुतेक सामग्री त्याच्यापाशी नसून ती तुमच्या-माझ्यापाशी असते: शेजारच्या भिंतीपलीकडून ऐकू आलेला आवाज, दुकानाच्या दारावरील कॅमेऱ्यातले चित्रण, पंच म्हणून केलेली एक स्वाक्षरी, आणि काही वर्षांनी न्यायालयात दिलेली अर्ध्या तासाची साक्ष. वाचकांपैकी कोणावर हा प्रसंग कधी येईल हे सांगता येत नाही. तो येईल तेव्हा काय करावे व काय करू नये, हे त्या अंमलदाराच्या दिवसाच्या अनुषंगाने येथे सांगावयाचे आहे.

नागपूर शहराला पोलीस आयुक्तालय मिळाले ते १९६५ साली. खुनाचा गुन्हा ज्या ठाण्याच्या हद्दीत घडतो तेथेच तो दाखल होतो, आणि त्याच ठाण्याचा निरीक्षक किंवा त्याने नेमलेला अधिकारी हा तपासी अंमलदार असतो. गुन्हे शाखेची पथके त्याच वेळी समांतर तपास करीत असतात. विदर्भात ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्यास आपण आजही ‘ठाणेदार’ म्हणतो. गुन्ह्यांच्या तपासासाठी प्रत्येक प्रांतात स्वतंत्र विभाग असावा ही शिफारस १९०२–०३ च्या पोलीस आयोगाची होय, आणि त्या आयोगाचे अध्यक्ष सर अँड्र्यू फ्रेझर हे तत्पूर्वी मध्यप्रांताचे मुख्य आयुक्त म्हणून नागपुरातूनच कारभार पाहत होते. नागपूरकरांना ही गोष्ट फारशी ठाऊक नसते, म्हणून येथे नमूद केली.

अशा अंमलदाराचा दिवस कोणत्या वेळी सुरू होईल याला काही नियम नाही. नियंत्रण कक्षाकडून निरोप येतो तो पुष्कळदा पहाटेचा असतो. कळमन्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या हमालाला किंवा फुटाळ्यावर फिरावयास निघालेल्या वृद्धाला प्रेत दिसलेले असते आणि त्याने ११२ हा क्रमांक फिरविलेला असतो. येथेच पहिली सूचना. खुनाची वार्ता कळलेल्या प्रत्येक नागरिकाने ती जवळच्या पोलिसांस अथवा दंडाधिकाऱ्यास कळविणे हे केवळ सौजन्य नसून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ नुसार कर्तव्य आहे. हद्द कोणाची, हा विचार आपण करू नये. संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्याने खबर नोंदवून घेतली पाहिजे, आणि तिची प्रत खबर देणाऱ्यास विनामूल्य दिली पाहिजे. ती प्रत मागून घ्यावी व जपून ठेवावी.

मनुष्य जखमी असेल आणि त्याच्यात धुगधुगी असेल, तर पुराव्याची चिंता सोडून प्रथम त्याला मेडिकल, मेयो अथवा जे रुग्णालय जवळ असेल तेथे न्यावे. पोलीस आल्यावाचून उपचार करणार नाही असे कोणत्याही डॉक्टरास म्हणता येत नाही. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. जखमी मनुष्य काही बोलला तर त्याचे शब्द जसेच्या तसे लक्षात ठेवावे, आपल्या समजुतीची भर त्यात घालू नये; तो पुढे दगावला तर तेच शब्द मृत्युपूर्व जबानी म्हणून न्यायालयापुढे येऊ शकतात.

मृत्यू झालाच असेल तर मात्र तेथील एकही वस्तू हलवू नये. आपल्याकडे प्रेतावर चादर घालण्याची, रक्त धुऊन टाकण्याची, पडलेली भांडी उचलून ठेवण्याची जी स्वाभाविक प्रवृत्ती आहे, तिच्यामागे मृताविषयीचा आदरच असतो. पण त्या आदरापायी किती खटले निकालात निघाले असतील याची गणती करणे कठीण आहे. बाहेरून आणलेल्या चादरीचे तंतू आणि केस प्रेतास चिकटतात, पुसलेल्या फरशीवरची पावले जातात, आणि ज्या पेल्यावर अपराध्याची बोटे उमटलेली असतील तो पेला स्वयंपाकघरातल्या मांडणीवर जाऊन बसतो. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट आवर्जून पाळावी. खोलीतला कूलर चालू असेल तर तो चालूच राहू द्यावा, बंद असेल तर तो बंदच ठेवावा, आणि अंमलदार आल्यावर तो कोणत्या स्थितीत सापडला हे त्यास सांगावे. हे वाचताना क्षुल्लक वाटेल, परंतु त्याचे कारण मोठे आहे. मृत्यूनंतर शरीर हळूहळू निवत जाते आणि त्या निवण्यावरून मृत्यूच्या वेळेचा अंदाज बांधतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर चढतो तेव्हा भोवतालची हवाच शरीराच्या स्वाभाविक उष्णतेहून अधिक तप्त असते, त्यामुळे कूलर नसलेल्या बंद खोलीत हे गणित सर्वथा कोसळते. मरणोत्तर ताठरतासुद्धा उन्हाळ्यात लवकर येते आणि लवकर उतरते. शिवाय थंड हवेच्या प्रदेशांतील कोष्टके आपल्या वैशाखात लागू पडत नाहीत. म्हणूनच जुना अंमलदार घटनास्थळी शिरताच प्रथम प्रेताकडे न पाहता खिडक्या, पंखा, कूलर आणि त्याच्या टाकीतले पाणी यांकडे पाहतो व त्यांची नोंद घेतो.

यानंतर येतात पंच. प्रेताचा मरणोत्तर पंचनामा करताना शेजारचे दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी हजर असले पाहिजेत असे संहितेच्या कलम १९४ मध्ये लिहिले आहे. कायद्याने येथे शेजाऱ्यांचीच योजना केली आहे, त्यामागे फार जुना अनुभव आहे. परंतु प्रत्यक्षात होते असे की, अंमलदार पंचांसाठी हाक मारू लागला म्हणजे एक-एक दार लागू लागते, कोणास कामावर जावयाचे असते, कोणाच्या घरी आजारी माणूस असते, आणि अखेरीस नाइलाजाने ठाण्याच्या आसपास वावरणारा, दहा ठिकाणी पंच झालेला एखादा इसम उभा केला जातो. त्या इसमाची साक्ष न्यायालयात आली की बचावाचा वकील पहिला प्रश्न विचारतो तो याआधी किती खटल्यांत पंच झालास हाच, आणि उत्तर मिळताच पंचनाम्याचा अर्धा जीव गेलेला असतो. घरझडतीसाठी लेखी आदेश देऊन बोलाविल्यावरही सबळ कारणावाचून जो नकार देईल त्याच्यावर कारवाईची तरतूद कायद्यात आहे. पण मला येथे दंडाची भीती घालावयाची नाही. शेजारच्या घरातले मनुष्य मारले गेले असताना त्याच्या मृत्यूच्या कागदावर आपले नाव घालण्यास आपण कचरतो, ही गोष्ट दंडावाचूनही लाजिरवाणी आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

पंच होताना मात्र डोळे उघडे ठेवावे. जे पाहिले नाही त्याखाली सही करू नये. कोऱ्या कागदावर तर कधीही करू नये. पंचनामा संपूर्ण वाचून घ्यावा, वाचता येत नसल्यास वाचून दाखवावयास सांगावे, आणि त्यातला मजकूर पाहिलेल्या गोष्टींशी जुळत नसेल तर तेथल्या तेथे दुरुस्ती करावयास लावावी. रक्ताने माखलेला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात घातला की ओलाच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला, हे पाहावे, कारण ओल्या पिशवीत रक्त कुजते व परीक्षेच्या कामाचे राहत नाही. पाकिटावर लाखेची मोहोर आपल्या देखत लागली किंवा नाही, चिठ्ठीवर आपली सही झाली किंवा नाही, याकडेही लक्ष द्यावे. घरी आल्यावर तारीख, वेळ, जागा आणि जप्त झालेल्या वस्तू आपल्या वहीत लिहून ठेवाव्या. साक्षीची वेळ काही वर्षांनी येईल, तेव्हा स्मृती ताजी करण्यास ते टिपण उपयोगी पडेल. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यांनी झडतीचे व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण आवश्यक केले आहे, आणि सात वर्षांहून कमी नाही अशा शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी यावे अशीही तरतूद, राज्यांना पूर्तीसाठी काही मुदत देऊन, केली आहे. चित्रण आले म्हणून पंचाची गरज संपली असे मानू नये. कॅमेरा जेथे वळला नाही तेथले पंचानेच सांगावयाचे असते.

आरंभीचे हे काम हयगयीने झाले तर पुढे काय होते हे विदर्भाला दुरून शिकावयास नको. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची निर्घृण हत्या झाली. तेथील प्राथमिक तपास आणि पहिले शवविच्छेदन इतक्या सैलपणे उरकण्यात आले की प्रेते पुन्हा उकरून काढून दुसऱ्यांदा तपासावी लागली, जबाबदार अंमलदार व वैद्यकीय अधिकारी यांना निलंबित करण्यात आले, आणि तपास अखेर केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ साली सहा जणांना फाशी सुनावली, ती शिक्षा नागपूर खंडपीठाने २०१० साली पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. परंतु पहिल्या दिवसांत जे गोळा करावयास हवे होते आणि केले गेले नाही, ते नंतरच्या कोणत्याही यंत्रणेला परत मिळविता आले नाही. खुनाच्या तपासात ‘मागाहून करू’ या शब्दांना अर्थ नाही.

प्रेत शवविच्छेदनास रवाना झाले की मृताच्या आप्तांनी ओळख पटविण्यासाठी एका शांत चित्ताच्या माणसास पाठवावे. प्रेताबरोबर ठाण्याचा एक शिपाई असतो आणि प्रेत ताब्यात घेण्या-देण्याची नोंद तोच ठेवतो. मृताच्या आतील अवयवांचा नमुना, म्हणजे व्हिसेरा, मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून, मोहोरबंद करून धंतोलीच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेकडे जातो. तेथील अहवाल यावयास वेळ लागतो, त्यासाठी अंमलदारास दोष देऊन उपयोग नाही.

दुपारपासून सुरू होते ते या धंद्यातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे काम, म्हणजे घरोघर जाऊन बयाणे घेणे. नागपूरच्या मोहल्ल्यांत एका गल्लीत वऱ्हाडी, दुसरीत हिंदी, तिसरीत छत्तीसगढी कानावर पडते, आणि प्रत्येक दारी पहिले उत्तर बहुधा एकच असते: ‘मले काई मालूम नाई, साहेब.’ नवखा फौजदार येथे आवाज चढवितो. ज्याचे केस या कामात पांढरे झाले आहेत तो ओट्यावर बसतो, पाणी मागून पितो, आणि खुनाविषयी एक शब्दही न काढता विचारतो की आज नळ किती वाजता आला, दूधवाला येऊन गेला होता का, हिंगण्याच्या कारखान्याची रात्रपाळी करून घरचा मुलगा केव्हा परतला. घड्याळाची वेळ माणसे विसरतात, चुकीचीही सांगतात. पण नळ, अजान, पाळीची बस आणि रोजची गाडी यांच्याशी बांधलेली वेळ सहसा चुकत नाही. अशा तीन-चार घरांतल्या वेळा एकमेकींशी जुळल्या म्हणजे मृत कोणत्या अर्ध्या तासात शेवटचा जिवंत दिसला हे ठरते, आणि ते ठरल्यावर निम्म्याहून अधिक संशयित आपोआप गळून पडतात. मला स्वतःला या बैठकीत, कोणत्याही उपकरणात नाही एवढी, तपासाची विद्या दिसते.

बयाण देणाऱ्याने आपले अधिकारही जाणून असावे. स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील वृद्ध, अपंग आणि तीव्र आजाराने ग्रस्त असलेली माणसे यांना साक्षीदार म्हणून ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही; त्यांच्या राहत्या जागी जाऊनच त्यांना विचारले पाहिजे, असे कलम १७९ सांगते. विचारलेल्या प्रश्नांना खरे उत्तर देणे बंधनकारक आहे, पण ज्या उत्तराने आपणच आरोपी होऊ शकू ते देण्यास कोणी भाग पाडू शकत नाही. पोलिसांपुढील बयाणावर साक्षीदाराची सही घ्यावयाची नसते. कोणी मागितल्यास ही गोष्ट नम्रपणे निदर्शनास आणावी. आणि आपण जे ज्या शब्दांत सांगितले ते तसेच उतरले आहे ना, हे वाचवून घ्यावे, कारण घरच्या बोलीत सांगितलेली साधी गोष्ट दप्तरी मराठीत उतरताना कधी कधी अधिक ठाम होऊन बसते, आणि साक्षीच्या वेळी त्या ठामपणाचा जाब साक्षीदारास द्यावा लागतो. जे सांगावयाचे ते मात्र त्याच दिवशी सांगावे. आठ-पंधरा दिवसांनी पुढे आलेल्या प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराकडे न्यायालय संशयाने पाहते, आणि तो संशय अनाठायी म्हणता येत नाही.

दुकानदार, घरमालक आणि सदनिका-संस्थांचे सचिव यांच्यासाठी एक वेगळी सूचना. कॅमेऱ्याचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे चढते. म्हणून परिसरात गुन्हा घडल्याचे कळताच कोणी मागावयास येण्याची वाट न पाहता ते थांबवून जतन करावे. यंत्राची वेळ खऱ्या वेळेच्या किती मागे-पुढे आहे ते लिहून ठेवावे. चित्रण पुराव्यात यावयाचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र द्यावे लागते, ते देण्यास कांकूं करू नये. आणि ते चित्रण व्हॉट्सअ‍ॅपवर कोणासही पाठवू नये. ज्याला ओळखावयाचे त्याचा चेहरा साऱ्या शहराने आधीच पाहिला असेल तर ओळख परेडीला काय किंमत उरणार?

जुन्या अंमलदाराची दुसरी मोठी ठेव म्हणजे ठाण्याच्या नोंदवह्यांची त्याची स्मृती. मुंबईत १९६८ साली झोपलेल्या माणसांना ठार मारणाऱ्या रमण राघवचा शोध रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली चालला होता. त्याला पकडले ते अ‍ॅलेक्स फियाल्हो या फौजदाराने, आणि रस्त्याने जाणारा तो मनुष्य त्याने ओळखला तो पोलीस दप्तरातल्या जुन्या छायाचित्रावरून. संशयितास पकडण्याच्या बाबतीत नागपूरचे अंमलदार अधिक अवघड जागी आहेत. दिल्ली–मद्रास आणि मुंबई–हावडा हे दोन्ही लोहमार्ग येथे एकमेकांस छेदतात, सिवनी, छिंदवाडा, बालाघाट हे परराज्यातले जिल्हे हाकेच्या अंतरावर, आणि त्यामुळे फरार मनुष्य चार-पाच तासांत दुसऱ्या राज्याच्या हद्दीत गेलेला असतो. तेव्हा ठाण्याचे पथक रातोरात गाडी काढते. परत येताना आरोपीला अटक झाल्यापासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे हे बंधन त्याच्या मानेवर असतेच.

अटकेनंतर वृत्तपत्रांत ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ असा मजकूर येतो आणि लोक प्रकरण मिटले असे समजतात. वाचकांनी हा गैरसमज मनातून काढून टाकावा. पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीस आपल्या कायद्यात पुरावा म्हणून स्थान नाही. पूर्वी पुराव्याच्या कायद्याच्या कलम २५ ने ती बाद होत असे, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ ने होते. तिचा जो अंश एखाद्या वस्तूच्या शोधास प्रत्यक्ष कारणीभूत झाला तेवढाच ग्राह्य, आणि त्याची मर्यादा १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टया खटल्यात आखून दिली आहे. म्हणून पंचांसमक्ष निवेदन नोंदवून, त्यांना बरोबर घेऊन, आरोपी दाखवील त्या नागनदीच्या पात्रात अथवा पडक्या विहिरीत अंमलदार हत्यार शोधीत उभा असतो. तेथेही पुन्हा पंच लागतात, आणि पुन्हा दारे लागू लागतात. कबुली मारहाणीने मिळत असेल, पण ओळखीच्या पंचांसमक्ष चिखलातून निघालेला सुरा मारहाणीने मिळत नाही, हे ज्याला कळले तो अंमलदार कोठडीत हात उगारीत नाही. आपल्या कोणा आप्तास संशयावरून नेले तर अटकेची वेळ, जागा व कारण कळविण्याचा आग्रह आप्तांनी धरावा, डी. के. बसू प्रकरणातील १९९६ चा निर्णय त्यांच्या पाठीशी आहे. या आग्रहाने प्रामाणिक अंमलदाराचे काहीच बिघडत नाही.

रात्री, बाकीचे ठाणे थोडे निवल्यावर, तो केस डायरी लिहावयास बसतो. दिवसभरात कोठे गेलो, किती वाजता गेलो, कोणास विचारले, काय मिळाले, हे त्या त्या दिवशीच लिहिले पाहिजे असा कायदा आहे. आरोपी कोठडीत असेल तर खुनासारख्या गुन्ह्यात नव्वद दिवसांच्या आत दोषारोपपत्र न्यायालयात गेले नाही, तर त्याला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. हे नव्वद दिवस अंमलदाराला कधीच पूर्ण मिळत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीचा बंदोबस्त, विजयादशमीस दीक्षाभूमीवर लोटणाऱ्या लक्षावधी अनुयायांची व्यवस्था, डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन, मंत्र्यांचे दौरे, मोर्चे. या साऱ्यांत तोच मनुष्य रस्त्यावर उभा केला जातो, आणि खुनाची कागदपत्रे कपाटात पडून राहतात. तपास आणि बंदोबस्त यांची माणसे वेगळी असावीत ही मागणी जुनी व न्याय्य आहे. ती पुरी होत नाही तोवर खुनाच्या खटल्यांतली ढिलाई ही एकट्या अंमलदाराच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

मृताच्या कुटुंबीयांनी या काळात रोज ठाण्याच्या पायऱ्या झिजवून तपास वेगाने होत नाही. त्यांनी घरातल्या एकाच माणसाकडे हे काम सोपवावे, नवे काही आठवले अथवा सापडले तर ते लेखी द्यावे, पोच घ्यावी, आणि नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती कळविणे हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे पोलिसांचे कर्तव्य असल्यामुळे ती लेखी मागावी. कुटुंबातला कमावता गेला असल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईसाठी अर्ज करता येतो. पुष्कळांना हे ठाऊकच नसते.

सर्वांत शेवटी न्यायालय. खटला उभा राहीपर्यंत तपासी अंमलदाराची बदली होऊन तो कदाचित गडचिरोलीस गेलेला असतो, किंवा सेवानिवृत्तही झालेला असतो. तरी समन्स मिळाले की तो येतो आणि सिव्हिल लाइन्समधील सत्र न्यायालयाच्या ओसरीत आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहत बसतो. त्याने उभे केलेले साक्षीदार एकामागून एक पिंजऱ्यात जातात, आणि एकामागून एक फितूर होतात. याच न्यायालयाच्या आवारात १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबानगरातील एका गुंडाला भर दिवसा जमावाने ठार मारले. वर्षानुवर्षे त्याचा जाच सोसलेल्या आणि पोलिसांकडून दाद न मिळालेल्या वस्तीचा तो उद्रेक होता. त्या खटल्यातील सर्व आरोपी २०१४ साली पुराव्याअभावी सुटले. ज्या शहरात पीडितांचा पोलिसांवर विश्वास उरत नाही तेथे साक्ष देण्याचे धैर्यही कोणी बाळगीत नाही, आणि मग न्यायमंदिरातच घडलेला खूनही सिद्ध होऊ शकत नाही. हा विश्वास पुन्हा निर्माण करण्याचे उत्तरदायित्व प्रथम पोलिसांचे आहे, यात मला शंका नाही.

साक्षीदारास धमकी येत असेल तर त्याने ती एकट्याने सोसू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेप्रमाणे जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. पडद्याआड अथवा दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्याची तजवीजही होऊ शकते. पिंजऱ्यात उभे राहिल्यावर पाहिले तेवढेच सांगावे. जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ म्हणून मोकळेपणाने सांगावे, कारण त्याने साक्ष दुबळी होत नाही. दुबळी होते ती रचून सांगितलेल्या तपशिलाने. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारावयास सांगावे, आपल्या बोलीत उत्तर द्यावे, वकिलाच्या आवाजाने बावरू नये.

आपल्या नावाचे समन्स घरी येईल तेव्हा ते बाजूला टाकू नका. त्यावरील तारखेची रजा आधीच मागून ठेवा, जुने टिपण वाचा, ठरलेल्या वेळेआधी न्यायालयात पोहोचा, आणि साक्ष पुढे ढकलली गेली तर पुढील तारखेस पुन्हा जा.